सून उपाशी नसल्याबाबत

नंदनवन, नागपूर

सौ. इंदूबाई विहीणबाई यांना सिंधूताईचा नमस्कार. तुमचे गुडघे कसे आहेत? व्याहीबुवांचा खोकला थांबला का? इकडे सारे खुशाल आहेत. फक्त माझं नाव खराब झालं, अन् ते तुम्ही केलं.

उमरेडच्या लग्नात माझी पाठ वळताच तुम्ही बायांमध्ये म्हणाल्या, की मोनालीच्या गळ्याची हाडं निघाली, सासरी पोटभर भेटत नसन. ईनबाई, माझा अनिश कळमन्यात धान्याचा व्यापार करते. घरात गव्हाच्या कट्ट्यांपायी पलंग सरकत नाही, अन् तुमची लेक उपाशी? सकाळी तर्री-पोहे, मग पोळ्यांची चळत, दुपारी गोळाभात (वरून तेल मी स्वतः ओतते), अन् भांडी घासायच्या आत पुन्हा तिचं, "आई, काही आहे का वं?" तरी पोरगी वाळूनच राहिली होती.

तुमचं बोलणं माझ्याआधी नंदनवनात पोचलं. शेजारच्या रुख्मिणीबाई डबा घेऊन फाटकात हजर. "घे वं पोरी, सासू यायच्या आत खाऊन घे." सासू तिथंच झोपाळ्यावर बसली होती! बरं, तुमच्या लेकीनं नको म्हणावं की नाही? तिनं उभ्याउभ्या डबा संपवला अन् विचारलं, "काकू, उद्या काय करता?" गल्लीतल्या पोरी तर तिले नशीबवान म्हणत, कोणतं डाएट करते म्हणून विचारत. (नशीबवान! घामानं उशी ओली, हात थरथरून राहिले, अन् जराशा गोष्टीवर रडू.)

मग एक दिवस गच्चीवरून कपडे आणता आणता ती जिन्यातच बसली. मी मनगट धरलं. नाडी अशी पळे, की मोजताच येईना. तशीच ऑटोत घातली अन् धंतोलीच्या दवाखान्यात नेली.

डॉक्टरीणबाईंनी तिचा गळा चाचपला अन् माझ्याकडे पाहून तिले विचारलं, "घरी नीट जेवायला मिळतं ना?" मी खुर्चीवरून उठलीच. भर दवाखान्यात! पण मोनालीनं माझा पदर धरला. म्हणाली, "मॅडम, आई माझ्यामागे ताट घेऊन फिरतात. मीच कुठे कमी पडते ते पाहा." मी खाली बसली.

रक्त तपासलं तर गळ्यातली थायरॉईडची ग्रंथी गरजेपेक्षा जास्त काम करून राहिली होती. म्हणजे शरीराची चूल सारखी भडकलेली, टाकलं की जळलं. नुसतं खाऊ घालून ते थांबत नाही. काळीजही थकते, असं त्या म्हणाल्या. आता रोज गोळी, ठरल्या वेळी रक्ताची तपासणी, मनानं औषध बंद करायचं नाही, अन् ताप आला किंवा घसा दुखला तर लगेच दाखवायचं. रुख्मिणीबाईंनी कसलंसं चूर्ण आणलं होतं, ते मी त्यांच्याच डब्यात परत धाडलं. हळूहळू फरक पडून राहिला. परवा तिनं पोट भरलं म्हणून ताटात पोळी उरवली, तर मी घाबरली, अनिश म्हणे, "आई, हेच तर पाहिजे होतं ना?"

तेव्हा ज्या बायांमध्ये बोलल्या, त्यांच्यातच जाऊन हे सांगा. सगळं सांगा.

तुमच्यावर अजून रागावलेली,
सिंधू

ता.क. डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, माहेरी कोणाले असं आहे का, कारण हे घराण्यात चालू शकते. मोनाली नाही म्हणाली. पण लग्नात मी तुम्हालेच पाहून राहिली होती. जिलेबीवर जिलेबी खाल्ली, तरी ब्लाउज खांद्यावरून उतरून राहिला होता. हातातली कपबशी खडखड वाजत होती. मले वाटलं, माझ्यावरच्या रागानं. तुमच्या लेकीले मी उपाशी ठेवलं, एक वेळ मान्य. मग तुम्हाले कोण उपाशी ठेवून राहिलं? या आठवड्यात निघून या. रक्त तपासू.

ता.ता.क. धंतोलीत नंबर लागायले फार वेळ लागते. मी सोबत येईन. राहिलेलं भांडण तिथं बसून करू.