नळीतलं रक्त कुणाचं

१२ ऑक्टोबर

प्रिय काडी,

अनेक आशीर्वाद. तू, वहिनी आणि बेकरीची भट्टी, तिघंही ठणठणीत असाल असं धरून चालते. माझं बरं चाललंय. फोनवर तू हसून विषय उडवतोस, म्हणून हे पत्र.

तुझा रक्ताचा रिपोर्ट मिळाला. तीन महिन्यांची सरासरी साखर ५.२, अगदी निरोगी माणसासारखी. मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. बाबांसारखाच तूही प्रत्येक केकचं क्रीम मनगटावर घेऊन चाटून बघतोस, दिवसभर. काडी हे नाव लहानपणीचं, पोट आत्ताचं. दोन दिवस उपास करून सकाळची साखर उतरवता येते रे, पण या तपासणीत तीन महिन्यांचं वागणं दिसतं.

शाळेत रस्सीखेचीच्या संघात घ्यावं म्हणून बाबांच्या तराजूची वजनं खिशात भरून वजनकाट्यावर चढलेला तूच ना? मग मला शंका येणारच.

शिवाय हिमोग्लोबिन साडेआठ. इतकं कमी वहिनीचं असतं, बाळंतपणापासून. रक्त न्यायला माणूस बेकरीत आला तेव्हा तुम्ही दोघांनीही दिलं, हे तीच बोलून गेली. त्याला गरम पाव खायला बसवून तू नळ्यांवरच्या चिठ्ठ्या बदलल्यास. नाहीतर वहिनीचा रिपोर्ट मागितल्यावर ‘सापडत नाही’ कशाला म्हणाला असतास?

बाबा आतड्याच्या कॅन्सरने गेले. डॉक्टरीणबाईंनी आपल्या दोघांना समोर बसवून सांगितलं होतं, की साखर, इन्सुलिन, रक्तातली चरबी वर्षानुवर्षं चढलेली राहिली तर काही कॅन्सरचा धोका वाढलेला दिसतो, आतड्याचाही. होईलच असं नाही, पण घरात एकाला झालेला असताना कॅमेऱ्याने आतून बघून घ्यावं. तू म्हणालास, माझी तीन महिन्यांची साखर चांगली आली तर कॅमेरा रद्द. आणि आली चांगली. मला खुळी समजतोस का?

१३ ऑक्टोबर

काल पाकीट बंद केलं नव्हतं. तुझी लबाडी उघडी पाडायची म्हणून आज रिपोर्ट घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेले. सगळं ऐकून त्यांनी विचारलं, “आणि हे रक्त भावाचंच असेल तर?”

“त्याचं कसं असेल? साखर बघा की.”

“उपाशीपोटीची बघा. ती चढलेलीच आहे. आतून रक्त झिरपत असेल तर शरीर सारखं नवं रक्त करत राहतं. नव्या रक्ताला साखर लागायला वेळच मिळत नाही. मग तीन महिन्यांचा आकडा खोटाच कमी येऊ शकतो.” मग म्हणाल्या, “वहिनींचंच असू दे. पण भावाला लवकर आणा.”

मग मला एकेक आठवायला लागलं. गेल्या खेपेला तू मैद्याच्या पोत्यावर टेकलास आणि कणीक मळायचं काम वहिनीकडे दिलंस. मला वाटलं, आळस. पट्टा दोन भोकं आत गेला होता. आता नाव पुन्हा शोभेल म्हणून मी हसले, आणि तूही हसलास. आज दुपारी फोन केला तर वहिनी म्हणाली, झोपलेत. भट्टी पेटलेली असताना तू कधी झोपतोस?

माझं बरं चाललंय म्हटलं तेही अर्धंच. माझा कॅमेरा मागच्या महिन्यात झाला. आतड्यात मांसाचा एक छोटा कोंब होता. तपासताना तिथल्या तिथे काढला, साधा निघाला. तू घाबरून आणखी लांब पळशील म्हणून बोलले नाही. मला काही दुखत नव्हतं रे. बघितलं म्हणून सापडलं.

हे पत्र टपालात टाकत नाही. उद्या स्वतः घेऊन येते आणि तुझ्यासमोर बसते. बोलायला लागले तर तू हसवशील, म्हणून वाचायला देतेय. वाचून झालं की नळीतलं रक्त कुणाचं होतं तेवढं सांग. वहिनीचं असेल तर गिऱ्हाइकांदेखत तुला शिव्या घालीन आणि परतताना केकही नेईन. उत्तर काहीही असो, तिथून आपण दवाखान्यात जायचंय. वहिनीला कपडे भरून ठेवायला सांगितलंय.

जन्मभर तुझ्या लबाड्या पकडत आलेली, आणि ही एक तरी खरी निघावी म्हणून हात जोडून बसलेली,

तुझी ताई