रेघ परत येईपर्यंत

आबा, काचेच्या नळीचं टोक पेशीला टेकलं होतं आणि तिला जोडलेली रबरी नळी माझ्या ओठांत होती. आज दुपारची गोष्ट. उंदराच्या मेंदूचा पातळ काप, त्यातली एक पेशी. तिचं कवच काचेला चिकटावं म्हणून तोंडानं हलकेच हवा ओढावी लागते. इतकी महाग यंत्रं, पण हे काम अजून तोंडानंच करतो. जोरात ओढलं की पेशी फाटते. तुमच्या गॅरेजमध्ये स्कूटरच्या टाकीतून नळीनं पेट्रोल काढताना मी एकदा असंच जोरात ओढलं आणि घोटभर गिळलं. तुम्ही पाठीत धपाटा घातलात. "सरबत हाय व्हय ते?" म्हणालात, आणि दिवसभर मला स्टोव्हजवळ जाऊ दिलं नाहीत.

आज पेशी चिकटली. तिला गप्प बसवणारं रसायन सोडलं की कवचातली बारीक दारं उघडतात, प्रवाह वाहतो, स्क्रीनवरची रेघ खाली जाते आणि लगेच वर येते. सोबत भुलीचं औषध असलं की दारं मिटायला उशीर होतो. रेघ रेंगाळत परत येते. किती रेंगाळते, हे मोजणं माझी नोकरी आहे.

हर्नियावर टायरच्या जुन्या ट्यूबची पट्टी बांधून तुम्ही कित्येक वर्षं स्कूटर उचलल्यात. ऑपरेशनचं नाव निघालं की गिऱ्हाइकं चिडवायची. मुरगूडचा एक दूधवाला तर दर फेरीला म्हणायचा, "मिस्त्री, भुलीत समदं बाहेर पडतंय. कुणाच्या गाडीत जुना पार्ट घातलास, सांगशील बघ." तुम्हीही हसायचात. शेवटी दवाखान्यात जाताना, रिक्षात, मला हळू विचारलंत, "बोलायचं भ्या न्हाय गं. तेवढा वेळ मी कुठं आसतो?" मी कॉलेजात होते. झोपेत असता की, म्हणाले. तुम्ही मान हलवलीत. झोपेत तर तुम्हाला रस्त्यावरून कुठली गाडी गेली तेही कळायचं. शुद्धीवर आलात तेव्हा मी विचारलं, कुठं होतात. तुम्ही चहा मागितलात. पुढं बरीच वर्षं जगलात, पण ते सांगितलं नाहीत. मीही पुन्हा विचारलं नाही.

उद्या माझं पित्ताशय काढायचंय. औषध तेच, मी रोज मोजते ते. प्रयोगाचं कारण सांगून दोनदा तारीख पुढे ढकलली. प्रयोगशाळेतून येऊन दाखल झाले; आता वॉर्डात संध्याकाळचे डबे आलेत. शेजारच्या खाटेवरची बाई मुलाशी भांडतेय, तांबडा रस्सा का आणला नाहीस म्हणून. रेघ परत येताना मी हजारदा पाहिली आहे. ती खाली असताना तिथं कुणी असतं का, हे मात्र मोजता आलेलं नाही. मला भीती वाटते, आबा. घरात कुणाला हे सांगितलेलं नाही. हा कागद कुठं टाकायचा, तेही ठाऊक नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी भूलतज्ज्ञ आली, माझ्या विद्यार्थिनींच्या वयाची. सिरिंजमध्ये दुधासारखं औषध होतं. तेवढा वेळ मी कुठं असेन, हे तिला विचारलं नाही. हात पुढे केला.