सतरा नंबरची केबल

प्रिय ठमाबाई,

फोनवर तुझ्यापुढे माझी बोबडी वळते, म्हणून लिहितोय. सर्व्हरच्या खोलीत पंख्यांची घरघर अशी की स्वतःशी बोललं तरी ऐकू येत नाही. दिवसभर स्वेटर घालून त्या गारठ्यात मी एकटा आणि चाळीस मशिनं.

तू मुख्य ऑफिसात बसून ज्यांची नाडी बघतेस त्या मशिनांच्या पाठीमागे मी उभा असतो, हे सांगताना माझी छाती फुगते. प्रत्येकाला देखरेखीचा एक वेगळा पोर्ट. त्यात केबल बसली की मशीन बंद पडलं तरी तुला लांबून त्याचं दुखणं कळतं, तिथूनच ते चालू करता येतं. केबल नीट बसल्याचं मला बोटांना कळतं, बघावं लागत नाही.

तुझी आई गेल्यावर तू महिनाभर रोज फोन केलास. मग आठवड्याला, मग सवडीने. दोष देत नाही, तुझ्यामागे कमी व्याप नाहीत. पण घरी फार एकटं वाटतं गं. एकदाच कुकर लावतो आणि दोन दिवस तेच खातो.

मागच्या वर्षी झाडलोट करताना सतरा नंबरच्या मशिनाची ती केबल सैल झाली आणि तुझा कामाचा फोन आला. आधी साहेबी आवाजात सतरा दिसत नाही म्हणालीस, मग हळूच जेवलात का विचारलंस. केबल कधीच बसवून झाली होती, तरी मी शोधतोय शोधतोय करत राहिलो. अकरा मिनिटं बोललो आपण.

त्यानंतर ती केबल वरचेवर सैल व्हायला लागली. पोर्टच खराब असेल बाबा, बदलून टाका, असं तू म्हणायचीस आणि मी हो ला हो करायचो. पोर्ट ठणठणीत होता, पोरी. केबल मीच काढायचो.

मंगळवारीही काढली आणि फोन हातात घेऊन बाहेरच्या बाकावर बसलो. तू मीटिंगमध्ये होतीस. नेमकं तेव्हाच सतरा तापून बंद पडलं. ना तुला कळलं, ना मला. दोन तास लोकांची कामं अडली.

तुझ्याकडे लेखी खुलासा मागितला, हे काल साहेबांकडून कळलं. तू लिहिलेलं त्यांनी मला वाचून दाखवलं: सतरा दिसत नव्हतं, पण तिथला माणूस कामात चोख आहे, तो बघेल म्हणून मी थांबले, चूक माझी. ते ऐकून मला तिथे उभं राहवेना. आज सगळं खरं लिहून साहेबांच्या हातात दिलंय. तू तुझा खुलासा मागे घे. माझं काय व्हायचं ते होवो. केबल आता घट्ट बसवली आहे, सतरासाठी तुला फोन करावा लागणार नाही. तर विचारतो, काही काम नसताना करशील का?

वाट बघणारा, तुझाच
बाबा