दिमोनातलं खापर आणि अमळनेरचं घर

होय रुपचंदभाऊ, डोकं ठिकाणावर आहे. तेच आधी लिहायचं ना? लिहिते.

मी सिप्पोराबाई, नवरा मयत हनोख दाऊद झिराडकर, वय अडुसष्ट, धंदा घरकाम आणि लोकांच्या खोड्या काढणे, राहणार गिरणीमागची गल्ली, अमळनेर, हे मृत्युपत्र माझ्या हातानं लिहिते. कोणी धाक घातलेला नाही. घातला असता तर बरं झालं असतं, या घरात कोणी मोठ्यानं बोलून फार दिवस झाले. खेड्यातल्या शाळेत चौथी शिकले, तेव्हा अक्षराला हसू नये. रुपचंदभाऊ कचेरीबाहेर बसून लोकांचे अर्ज लिहायचे. आता त्यांना दिसत नाही, म्हणून ते समोर बसून सांगतात, आणि मी त्यातलं निम्मं ऐकते.

मला वारस एकच, मुलगा शालोम. तो इस्राएलला दिमोना गावी कापडाच्या गिरणीत आहे. आम्ही बेने इस्राएल, मराठी ज्यू, म्हणून आम्हीही एकाहत्तर साली त्याच्यासोबत तिकडे गेलो होतो. सत्याऐंशीत आमचे मालक, हनोख, वारले. त्यांना तिथेच पुरलं आणि शेजारची जागा माझ्यासाठी धरून ठेवली. दुसऱ्या वर्षी मी ‘अमळनेरचं घर विकून येते’ म्हणून आले ती इथेच राहिले. आता ती जागा ठेवायची की सोडायची हे तिथले लोक शालोमला विचारतात, आणि शालोम मला. म्हणून हा कागद. याची नक्कल रुपचंदभाऊ उद्याच त्याला पोस्टानं पाठवतील. भाऊ म्हणतात, मग तेच कलम पहिलं घ्या. मी म्हटलं, आधी भांडीकुंडी होऊ द्या.

कलम पहिलं, घर. दोन खोल्या, ओटा आणि मागची मोरी शेजारच्या बेबाबाईला द्यावी. शालोमला घर आहे. बेबाबाईला जावयाच्या घरात कोपरा आहे, त्याला घर म्हणत नाहीत. हे वाचून दाखवलं तर ती म्हणाली, “माले काही नको, अक्का. सही मात्र मीच करसू.” रुपचंदभाऊंनी समजावलं की ज्याला मिळतं त्यानं साक्षीदार व्हायचं नाही, नाहीतर त्याचं मिळालेलं जातं. ती म्हणे, “जाऊ दे.” तिला सही नुकतीच यायला लागली आहे, साक्षरतेच्या वर्गात शिकली, दिसेल तिथे करते. दुधवाल्याच्या कार्डावर करते. माझी सक्त ताकीद आहे, या कागदावर बेबाबाईला सही करू देऊ नये.

कलम दुसरं, शिलाई मशीन समोरच्या लताबाईला. ती ते वापरायला मागायला रोज येते आणि माझ्या तब्येतीची चौकशी करते. इतक्या काळजीनं करते की शंका येते.

कलम तिसरं. मागच्या घरातल्या पुनाला काही नाही. त्याच्या बकऱ्या माझ्या ओट्यावर बसतात, त्यांना बसू द्यावं. माझं भांडण त्याच्याशी आहे.

कलम चौथं, मांडे भाजायचं मातीचं खापर. ते इथे नाही, दिमोनाला आहे. जाताना मी ते गोधडीत गुंडाळून मांडीवर घेऊन विमानात बसले होते. तिथे चौथा मजला, गॅसवर खापर बसेना. होळीचा सण आला, म्हणजे आमचा पुरीम, पुरण शिजलं, आणि मांड्यांशिवाय सण कसा व्हायचा. मी खाली अंगणात तीन दगड मांडले, संत्र्यांच्या पेट्या फोडल्या आणि खापर पालथं घातलं. दोन मांडे झाले नाहीत तोच आगीचा बंब आला. शिरस्त्राण घातलेली माणसं पाइप घेऊन उतरली. मला त्यांची भाषा येत नव्हती, मी त्यांना मांडा दिला.

माझी सून मझाल मोरोक्कोकडची. तिला मराठी येत नाही, मला तिची भाषा आली नाही. ती वरून अनवाणी धावत आली आणि पाइपवाल्यापुढे कमरेवर हात ठेवून उभी राहिली. काय बोलली ते खालच्या मजल्यावरच्या आपल्या बायकांनी नंतर सांगितलं: ‘माझ्या सासूचा सण आहे. विझवायचं असेल तर आधी मला भिजवा.’ बंब परत गेला.

दुसऱ्या दिवशी तिनं त्या खापरात माती भरून पुदिना लावला. तिच्या चहाला लागतो. मी महिनाभर तिच्याशी बोलले नाही. तसं आमचं बोलणं नव्हतंच, त्यामुळे तिला ते कळलं नाही. मग मी तिला मराठी शिकवायला घेतलं, आणि आपल्या म्हाताऱ्या माणसांना जिन्यात भेटल्यावर ‘काय म्हातारबा, अजून आहात?’ असं अदबीनं म्हणायला सांगितलं. ती वर्षभर म्हणत होती. म्हातारे खूश असायचे.

तर खापर मझालला. पुदिन्यासकट.

कलम पाचवं, पोस्टातलं जे काही असेल ते माझ्या मातीला लावावं. आणि आता ते जागेचं कलम.

आमच्यात मेलेल्या बाईला आमच्याच बायका धुतात. इथे आमचं कोणी उरलं नाही, म्हणून पोळ्यानंतर मी बेबाबाईला तालीम दिली. मोरीत फळीवर आडवी झाले. आधी उजवी बाजू, मग डावी, पाणी कोमट. तिनं काखेत हात घातला आणि मला गुदगुल्या झाल्या.

“मुर्दा हासत नही, अक्का,” ती म्हणाली.

“तू नीट धू, मग नाही हसणार.”

पुन्हा सुरू केलं, तर तीच रडायला लागली. तांब्या खाली ठेवला आणि म्हणाली, “तुन्ही सून कोठे शे? तिन्हं काम मी कोन म्हनीसन करू?” मी ओल्या अंगानं उठून तिला चहा करून दिला.

तरी लिहिते. कलम सहावं. मला भुसावळच्या जुन्या दफनभूमीत माझ्या वडिलांपाशी ठेवावं. बेबाबाईनं धुवावं. शालोमनं धावपळ करू नये, गिरणीतून रजा मिळत नाही. दिमोनाची जागा सोडून द्यावी. फार लांब आहे, आणि मी दमले आहे.

सही: सिप्पोराबाई हनोख झिराडकर
साक्षीदार: १. तोताराम वना पाटील २. चुडामण गुलाब चौधरी, फोनवाले
मुक्काम अमळनेर, जिल्हा जळगाव. ६ नोव्हेंबर १९९४

रुपचंदभाऊ म्हणतात, सहीखाली लिहिलेलं कायदा धरत नाही. म्हणून इथे लिहिते. शालोम, गुडघे, जिने, मझालच्या हातचं जेवण, घराला गिऱ्हाईक नाही, ही सगळी परत न येण्याची निमित्तं होती. मला वाटलं होतं तू न्यायला येशील. शनिवारी सांजेला शब्बाथ सुटला की चुडामणच्या दुकानात तुझा फोन यायचा आणि ठेवताना तू विचारायचास, ‘आई, केव्हा येतेस?’ गेल्या वर्षीच्या दिवाळीपासून तू विचारत नाहीस, फक्त हवा कशी आहे म्हणतोस. कलम सहावं खोटं आहे. मला दिमोनाला परत यायचं आहे, चालती-फिरती असताना यायचं आहे, आणि एकटीनं विमानात बसायची मला भीती वाटते.