आईचं बेसिन

दि. ४ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तू प्रयोगशाळेसाठी मागितलेला गाळ पाठवतोय, सगळ्या वॉर्डांतल्या बेसिनांखालचा. लोकांच्या बहिणी भावाकडे काहीतरी चांगलं मागतात, तू गाळ मागतेस! इस्पितळात प्लंबर भाऊ असल्याचा फायदा घे.

आई शेवटी होती तो वॉर्ड पाडला. ती तोंड धुवायची ते बेसिन भंगारात निघालं होतं, मला राहवलं नाही. खालच्या पितळी नळीसकट सोडवलं आणि बाळंतिणींच्या नव्या खोलीत बसवलं. पुढच्या महिन्यात ही तिथेच जाईल. नातवंडाला आजी नाही, निदान आजीचं बेसिन तरी. हसू नकोस.

माया आहे ती उतू जाऊ दे.
तुझा पान्या

दि. १९ मार्च

चि. पान्यास,
अ. उ. आ.

हसले नाही रे. आधी ते बेसिन काढ, मग पुढचं वाच. इस्पितळाच्या तळघरात तुझा फोन लागत नाही, म्हणून हे कुरिअरने.

आईला झालेला जंतू तिच्याबरोबरच संपला. पण त्याच्यात जनुकांचा एक तुकडा होता, औषधांना दाद न देणारा. असे तुकडे एका जंतूतून दुसऱ्यात उड्या मारतात. कधी जंतूंनाच लागणारे विषाणू त्यांना उचलून नेतात. तो आता तुझ्या नळीतल्या भलत्याच जंतूत जाऊन बसलाय. आईच्या रक्तातला तुकडा मला पाठ आहे. परवा बाळंतिणींच्या खोलीतला गाळ तपासताना पडद्यावर तो दिसला आणि आईनेच मागून हाक मारल्यासारखं झालं. खोटं कशाला सांगू, क्षणभर बरंही वाटलं.

इस्पितळाला कळवलंय, पण त्यांच्या आधी तुझा पाना चालेल. वहिनीला त्या खोलीत पाऊल टाकू देऊ नकोस.

काळजीत,
ताई

दि. २३ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न.

पत्र मिळताच पाना घेऊन धावलो. आत ही होती. आदल्या रात्रीच कळा सुरू झालेल्या, महिनाभर आधी. मुलगी झाली. नर्सबाई कौतुकाने म्हणाल्या, की तुमच्याच बेसिनवर हात धुऊन बाळ घेतलं.

बेसिन फोडलं. नळी तुझ्या पत्रासकट डॉक्टरांच्या हवाली केली. काल संध्याकाळपासून पोरीचं अंग तापलंय, नेहमीचं औषध लागू पडत नाही. हिला मी काहीच सांगितलेलं नाही. आपली मावशी म्हणाली, अगदी आजीवर गेलीय, तर मी तिच्या अंगावर धावून गेलो.

डॉक्टरांनी तुझ्याकडेच रक्त पाठवायला सांगितलं. नाव ठेवलेलं नाही, म्हणून बाटलीवर नुसतं ‘मुलगी’ लिहिलंय.

तुझा लोभ आहेच. या वेळी तुला ओळखीचं काही दिसू नये, एवढीच विनंती.

पान्या