झाडाचं अंथरूण

सोमवार, ३ मार्च

आलो एकदाच्या! घर तळमजल्याचं, दारं रुंद, पायरी एकही नाही. थेकलाची खाट तिरकी न करता आत गेली. नऊ वर्षं अंथरुणाला खिळलेल्या बहिणीला घेऊन युरेका शहरात दुसऱ्या मजल्यावर राहणं म्हणजे काय, हे ज्यांनी केलंय त्यांनाच कळेल. तिच्या खिडकीतून थेट टेकडी दिसते. ती खूश आहे. मी सूप केलं, दोघींनी दोन-दोन वाट्या संपवल्या.

टेकडीवर रेडवूडच्या एका महाकाय झाडाचा बुडखा आहे, आमच्या स्वयंपाकघराहून मोठा. त्याच्या कडेला खाचा अजून शाबूत आहेत. जुने लाकूडतोडे त्यांत फळ्या रोवून, वर उभं राहून करवत ओढत. झाड कापलं त्याला शंभर वर्षं झाली. आजूबाजूला नंतर उगवलेलं जंगल आताची लाकूडकंपनी ट्रकनं नेते. वडील झाडं पाडत, त्यांच्या वेळी एका गाडीत एक ओंडका मावत नसे. आता साठ-साठ काटक्या नेतात आणि त्याला जंगल ‘जोपासणं’ म्हणतात! चाळीस वर्षं शिकवलं मी. असला खोटारडा शब्द एकाही पोराच्या निबंधात चालू दिला नसता.

मंगळवार, ४ मार्च

शेजारचा हॉकन लुंड भेटायला आला. वय चौऱ्याऐंशी, जन्मभर झाडं पाडली, डाव्या हाताला तीनच बोटं. पहिल्या वाक्यापासून मला मास्तरीणबाई म्हणू लागला. घरात आलायत तर टोपी काढा, म्हटलं. तर म्हणतो, नन्सच्या हाताखाली शिकलेल्या दिसता, पट्टी कुठे लपवलीत? थेकला इतकी हसली की तिला ठसका लागला.

निघताना त्यानं विचारलं, टेकडीवर ते काय घालताय? मी मागच्या दारातून पाहिलं. बुडख्यापासून आमच्या कुंपणापर्यंत फांद्या, पाला आणि माती यांचा सरळ पट्टा होता. कमरेएवढा उंच, वरून गादीसारखा सपाट. काल तो नव्हता.

हॉकन म्हणाला, हे अंथरूण. रेडवूड पडताना काचेसारखं फुटतं, म्हणून पाडायच्या आधी आठ-आठ दिवस खपून त्याला अंथरूण घालायचं. आता कोण घालतं? मग झाड कुठाय, असं मी विचारलं. तेच तर मी तुम्हाला विचारतोय, म्हणाला.

बुधवार, ५ मार्च

कंपनीला फोन केला. पलीकडच्या मुलीनं गोड आवाजात सांगितलं की आमच्याकडे अंथरुणं घालत नाहीत, यंत्र झाडाला धरून आडवं करतं. मग माझ्या कुंपणापाशी काय तुमचे उंदीर खपतायत, असं विचारलं. तिनं फोन ठेवला.

दाताळं घेतलं आणि अख्खा पट्टा स्वतः उपसला. दोन तास लागले. ढेकूळ अन् ढेकूळ फोडून माती पसरून टाकली. मग थेकलाला अंघोळ घातली. पंधरा मिनिटं खिडकीकडे पाठ होती, तेवढीच. वळले तर पट्टा परत जागेवर, आणि कुंपणाच्या आत.

थेकलाचं तोंड खिडकीकडे होतं. म्हणाली, बरीच माणसं होती ताई, मिशांवाली. अगदी सभ्य. एकानं माझ्याकडे पाहून टोपी उचलली.

गुरुवार, ६ मार्च

तीनदा उपसला. तिन्ही वेळा परत आला, आधीपेक्षा चांगला. पट्टा थेकलाच्या खिडकीखालच्या भिंतीला टेकला आहे. पुढच्या दारी जाऊन पाहिलं. तिथून तो पुन्हा सुरू होतो, रस्त्यापर्यंत, त्याच रेषेत. मध्ये फक्त तिची खोली.

वनखात्याला फोन केला. कारकुनानं सांगितलं, मॅडम, कापलेलं झाड पुन्हा कापता येत नाही. अरे बाबा, मी तरी वेगळं काय सांगतेय?

हॉकनला बोलावलं. पट्टा पाहून सांगू लागला. त्याचे आजोबा ते झाड पाडणाऱ्या टोळीत होते. बारा दिवस अंथरूण घातलं, तरी झाड फुटलं. एक फळी निघाली नाही. लाकूडगिरणीवाले वर्षभर हसले. म्हातारा मरेपर्यंत एकच म्हणत होता की एका जागी जमीन कडक राहिली, पुन्हा घालायला मिळालं असतं तर दाखवलं असतं.

मग त्याचं लक्ष दाताळ्याकडे गेलं. हळूच म्हणाला, माती भुसभुशीत केल्याशिवाय अंथरूण होत नाही, मास्तरीणबाई. सगळ्यात कष्टाचं काम तेच असतं.

म्हणजे दोन दिवस मी त्यांचंच —

उद्या सकाळी सातला ट्रक आणतो म्हणाला. थेकलाला युरेकाला नेऊ.

शुक्रवार, ७ मार्च

दाताळ्याला हात लावला नाही. हॉकन सातला आला. ट्रक वळवतो म्हणून मागे गेला, तो आला नाही. पाहते तर फावडं घेऊन पट्ट्याची डावी कड थापत होता. ओरडले. थोबाडीत मारली. म्हणाला, एवढा खळगा भरतो, बाई, एवढाच. रडत होता. हात थांबत नव्हते.

किल्ली त्याच्या खिशातून काढली. पण मी एकाहत्तर वर्षांची. थेकला एकटीला उचलवत नाही. चारदा उचलून पाहिलं. चौथ्यांदा ती पडली.

रुग्णवाहिकेला फोन. दरड कोसळली आहे, रस्ता उद्या दुपारी मोकळा होईल. दुपारी नक्की, म्हणाले.

शनिवार, ८ मार्च. सकाळी ९

उशा नाहीत. रजया नाहीत. बाहेर पाल्याखाली त्यांची टोकं दिसतात.

करवतीचा आवाज. दोघांची करवत — एक ओढतो, एक सोडतो. घाई नाही. हॉकन अजून तिथेच. काल फावडं होतं, आता नुसते हात.

१०.१५

करवत थांबली. पाचर ठोकतायत. अंगणात उन्हात सावली पडली आहे, घराहून रुंद. बुडख्यावर काही नाही. सावली आहे.

थेकलाला चादरीवर घेऊन ओढलं. खोलीच्या दारापर्यंत आली. उंबऱ्यावर माझ्या पाठीत काहीतरी तुटलं. आता गुडघ्यांवरून उठता येत नाही — रांगता येतं.

हॉकनला हाका मारल्या. त्यानं मान वर केली नाही. फोन केला. रस्ता लवकर मोकळा झाला, निघालेत. चाळीस मिनिटं.

१०.४०

ठोकणं थांबलं.

पक्षी नाहीत. सावली आत आली, वहीवर. दिसेनासं —

थेकला म्हणते, ताई, तू जा. म्हणते, त्या मिशांवाल्यांनी मला विचारलं होतं, इथे पाडू का. मी हो म्हटलं, तुझी सुटका होईल म्हणून. मूर्ख पोरगी. मूर्ख, मूर्ख —

पुढचं दार उघडं आहे. मला कुणी अडवलेलं नाही. रांगत गेले तरी रस्त्यापलीकडे पोचेन, पण —

वरून हाळी आली. एकच. लांबलचक. झाड पडताना वडील देत तशी.

तिनं हात सोडलाय. मी नाही —