गंगूच्या जेवणाबाबत

मी, सिस्टर क्लारा, पूर्वीची सुनंदा शामराव साळवे, राहणार सिस्टरांचे कॉन्व्हेंट, मानेसर, हे मृत्युपत्र शुद्धीवर राहून, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. डोके ठीक आहे, बाकीचे थकले आहे. डॉक्टर म्हणतात, दिवाळी दिसेल. नाताळाबद्दल ते बोलत नाहीत.

१. आम्ही दारिद्र्याचे व्रत घेतो, म्हणून घर, खाते, दागिना काही नाही. शेतातला वाटा व्रताआधीच भावाला, राघवला, लिहून दिला. नंतर त्याचे पत्र एकदाच आले, एका कागदावर माझी सही राहिली होती म्हणून. त्याला माफ केले आहे, पण थोडेसेच.

२. रक्तदाब मोजायचे यंत्र दवाखान्याला. छत्री चौकीदार हरिदासला. तशीही ती त्याच्याचकडे असते.

३. आता मुख्य. सिस्टर बर्नाडेट, म्हणजे राहुरीकडची गंगू, आणि मी एकाच गाडीने दिल्लीला आलो. पहिल्याच आठवड्यात ती जेवताना मला म्हणाली, "भाकरीची आठवण येते गं." तेव्हाच्या सुपीरिअरनी, म्हणजे कॉन्व्हेंटच्या प्रमुखांनी, दोघींना जेवण होईपर्यंत उभे केले. घरात सगळ्यांना समजेल तीच भाषा बोलायची, असा नियम. नियम बरोबरच होता. आम्ही तो इतका पाळला की दोघीच असलो तरी हिंदीतच बोलायचो, भांडायचोसुद्धा. त्या सुपीरिअरना मी अजून माफ केलेले नाही. देवाशी त्याबद्दल बोलणे चालू आहे.

गंगूला विस्मरण झाले. आधी इंग्रजी गेले, मग हिंदी. आता मराठी तेवढी उरली आहे. "खा लो" म्हटले की ती तोंड मिटते. "गंगू, घास घे" म्हटले की घेते. माझ्यामागे तिला आमच्या सिस्टर-संघाच्या रांचीतल्या घरी हलवायचे घाटत आहे. तिथे सेवा उत्तम होते, पण मराठी कोणालाच येत नाही. ती उपाशी मरेल. तिला इथेच ठेवावे. संघाकडे मी आजवर स्वतःसाठी काही मागितलेले नाही, हे मागते.

४. आमच्या दवाखान्यात औषधे देणारी लुंबिनी नागपूरकडच्या बौद्ध घरातली, वाढलेली दिल्लीत. दोन्ही वेळच्या जेवणाला यायचे तिने कबूल केले आहे. तिची मराठी अशी: "ताई, चलो, थोडंसं खाऊन घ्या ना, बिल्कुल तिखट नाहीये." परवा गंगूने शिंकाळ्यातले दही मागितले. लुंबिनीने विचारले, "अच्छा, शिंकाळं म्हणजे काय?" गंगू उठून बसली आणि दोरीच्या गाठी कशा मारायच्या ते हातांनी दाखवू लागली. इतकी जागी मी तिला कितीतरी दिवसांत पाहिली नव्हती. मला रडू आले.

लुंबिनीला मी वस्तू काही देत नाही, कारण तिची साक्ष हवी आहे, आणि मृत्युपत्रात ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये म्हणतात.

५. हे मुद्दाम मराठीत लिहिले आहे. आत्ताच्या सुपीरिअर, सिस्टर तेरेसिना, यांना ते वाचता येणार नाही. म्हणजे त्यांना लुंबिनीलाच बोलवावे लागेल. तिने ते गंगूच्या खाटेशी बसून, जेवणाच्या वेळी, मोठ्याने वाचावे.

मानेसर, ३ सप्टेंबर २०२५
सही: सिस्टर क्लारा (सुनंदा)
साक्षीदार: डॉ. धीरज माथुर, लुंबिनी मारुती वानखेडे

ता. क. सही करताना गंगूने विचारले, "सुने, काय लिहितेस?" मी म्हटले, "तुझ्या जेवणाचं." ती म्हणाली, "मग मिठाचंही लिही. तू नेहमी विसरतेस." तरी मीठ नीट घालावे. या ओळीखालीही साक्षीदारांच्या सह्या घेतल्या आहेत.